वजन वाढवणाऱ्या गोळीचे जनक : सर चार्ल्स डॉड्स

बाजारात जनावर घ्यायला गेलो की आपण काय बघतो? दात बघतो, खांदा बघतो, चाल बघतो. गाय असेल तर कास आणि सड बघतो. कान मात्र कुणी फारसा चाचपत नाही. अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या खच्ची गोऱ्ह्याचा कान मागच्या बाजूने चाचपलात, तर बहुतेक वेळा कातडीखाली बारीक गोळ्यांची रांग बोटाला लागेल. या गोळ्या पिचकारीसारख्या यंत्राने एका झटक्यात बसवतात. पुढचे काही महिने त्या हळूहळू विरघळत राहतात. त्यातून हार्मोन, म्हणजे संप्रेरक, रक्तात झिरपते आणि तेवढ्याच खुराकावर जनावराचे वजन जास्त भरते. जनावर कापताना कान टाकून देतात. गोळी कानातच का बसवायची, याचे हे एक कारण.

आपल्याकडे असे जनावर तुम्ही पाहिले नसेल. मग ही कथा आपल्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. कारण आहे. एक स्वस्त औषध बाजारात येते, त्याने उत्पन्न वाढते, सगळे ते वापरू लागतात आणि वीस-तीस वर्षांनी त्याचा हिशेब भलत्याच माणसाला चुकवावा लागतो. ही गोष्ट आपल्या गोठ्यालाही लागू आहे. म्हणून आज ज्यांच्या प्रयोगशाळेत अशा पहिल्या गोळीचे औषध जन्मले, त्या इंग्रज शास्त्रज्ञाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव सर एडवर्ड चार्ल्स डॉड्स.

दुकानदाराचा मुलगा

डॉड्स यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८९९ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. वडिलांचा बुटांच्या विक्रीचा व्यवसाय. आईवडिलांना हा एकुलता एक मुलगा. घरात डॉक्टरकीची परंपरा नव्हती की जमीनजुमला नव्हता. शिक्षणाच्या जोरावर पुढे जायचे, एवढी एकच वाट समोर होती.

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, ते लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. डॉक्टर झाले, पण मन रमले ते रसायनांत. रोग्याच्या रक्तात काय आहे, लघवीत काय उतरते, जठरातला रस कसा काम करतो, याचा शोध घेणारे शास्त्र त्या काळी नवीन होते. हॉस्पिटलला अशा माणसाची गरज होतीच. वयाची पंचविशी गाठतात न गाठतात तोच डॉड्स लंडन विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे कोर्टोल्ड नावाच्या धनिकाच्या देणगीतून हॉस्पिटलला लागूनच एक संशोधन संस्था उभी राहिली. १९२८ पासून तिचा कारभार डॉड्स यांच्याकडे आला आणि १९६५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. एकच हॉस्पिटल, एकच संस्था आणि जवळजवळ पन्नास वर्षे. माणूस एका जागी मुळे धरून बसला की काय करू शकतो, ते पुढे बघा.

माज आणणारे रसायन

गाय माजावर येते म्हणजे तिच्या अंगात काय होते? अंडाशयात एक रस तयार होतो, तो रक्तात मिसळतो आणि गाय हंबरू लागते, चारा कमी करते, सोट टाकते. हा रस म्हणजे इस्ट्रोजेन गटातले संप्रेरक. बाईच्या शरीरातही ते असते. १९२३ साली अमेरिकेतल्या ॲलन आणि डॉइझी या दोघांनी ते ओळखण्याची सोपी कसोटी शोधली. अंडाशय काढून टाकलेल्या उंदरिणीला संशयित रसायन टोचायचे. ती माजाची लक्षणे दाखवू लागली, तर रसायनात दम आहे असे समजायचे. १९२९ मध्ये गरोदर स्त्रियांच्या लघवीतून असे एक संप्रेरक शुद्ध रूपात हाती आले.

अडचण होती ती खर्चाची. हंडेच्या हंडे लघवी गाळावी, तेव्हा कुठे चिमूटभर माल मिळे. गाभण घोडीची लघवीसुद्धा यासाठी गोळा होऊ लागली. शिवाय हे नैसर्गिक संप्रेरक तोंडाने दिले तर त्याचा बराचसा भाग यकृतात मोडून जाई. म्हणून सुई टोचणे आले. अशा औषधाचा उपयोग गोरगरिबाला काय होणार?

डॉड्स यांनी उलटा विचार केला. निसर्गाने बनवलेला रेणू हुबेहूब बनवण्याच्या नादी लागण्यापेक्षा, तेच काम करणारे दुसरे सोपे रसायन मिळेल का? कुलूप तेच, पण किल्ली लोहाराकडून स्वस्तात घडवून आणायची, अशातला प्रकार. १९३३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवून दिले की पूर्ण कृत्रिम रसायनही उंदरिणीला माजावर आणू शकते. १९३६ मध्ये विल्फ्रिड लॉसन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी आणखी साधी रसायने तपासली. त्यातले एक होते बिस्फेनॉल-ए. हेच रसायन पुढे प्लास्टिकच्या धंद्यात शिरले, बाटल्यांत आणि डब्यांच्या आतल्या लेपात गेले. त्यात संप्रेरकाचा गुण आहे, हे डॉड्स यांनी त्याआधीच नोंदवून ठेवले होते.

बडीशेपेचा धडा

आता या कथेतला एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण तो फारसा कुणी सांगत नाही. बडीशेपेला जो गोड वास असतो तो ॲनेथॉल या रसायनाचा. या ॲनेथॉलपासून अनॉल नावाचा पदार्थ तयार होतो. १९३७ मध्ये डॉड्स आणि लॉसन यांना असे आढळले की हा अनॉल नैसर्गिक संप्रेरकाच्या तोडीचा आहे. त्यांनी तसे प्रसिद्ध केले. पण इतर प्रयोगशाळांनी शुद्ध अनॉल बनवून पाहिला, तर त्यात तसला जोर आढळेना.

इथे एखादा दुसरा असता तर हट्टाला पेटला असता किंवा लाजेने विषय सोडून गेला असता. डॉड्स यांनी तसे केले नाही. जोर अनॉलचा नसेल, तर त्याच्याबरोबर आलेल्या गाळाचा असला पाहिजे, असा त्यांनी तर्क बांधला. त्या गाळाचा माग काढता काढता ते खऱ्या रसायनाजवळ पोचले. ऑक्सफर्डचे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांचीही साथ मिळाली. ५ फेब्रुवारी १९३८ च्या नेचर या शास्त्रीय साप्ताहिकात चौघांच्या नावाने छोटे टिपण छापून आले. नव्या पदार्थाचे नाव स्टिलबेस्ट्रॉल. लांब नाव डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणून जगभर डीईएस या तीन अक्षरांनी ते ओळखले जाऊ लागले.

हा पदार्थ नैसर्गिक संप्रेरकापेक्षाही जोरदार होता. तोंडाने गोळी घेतली तरी लागू पडत होता. आणि मुख्य म्हणजे स्वस्त होता. त्यासाठी घोडीच्या लघवीची गरज नव्हती.

पेटंट घेतले नाही

या शोधाचे पेटंट घेतले असते, तर पुढच्या पिढ्यांची ददात मिटली असती. पण हे काम ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या, म्हणजे सरकारी पैशाच्या, मदतीने चालले होते. रोग्याच्या उपयोगी पडणाऱ्या शोधावर मालकी सांगू नये, असे त्या संस्थेचे त्या काळचे धोरण होते. डॉड्स यांनी ते पाळले. कृती छापून टाकली, ज्याला बनवायचे त्याने बनवावे.

त्यांचा मोठेपणा मानलाच पाहिजे. पण मंडळी, याची दुसरी बाजूही बघा. विहीर गावाला खुली केली, पण पाणी कुणी, किती आणि कशासाठी उपसायचे हे ठरवणारा कुणी नव्हता. देशोदेशीच्या औषध कंपन्यांनी गोळ्या काढायला सुरुवात केली. पेटंट नसल्यामुळे हे औषध कशासाठी वापरू नये, हे सांगण्याचा हक्कही शोधकाच्या हाती उरला नाही.

धोक्याच्या खुणा तर पहिल्याच वर्षी दिसल्या होत्या. १९३८ मध्येच फ्रान्सच्या लाकासान्य यांनी दाखवले की या औषधाने उंदरांना स्तनांच्या गाठी होतात. त्याच वर्षी खुद्द डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले की पोटात गेलेल्या अशा संप्रेरकाने प्राण्यांचा सुरुवातीचा गर्भ टिकत नाही. औषध बनवणाऱ्या कारखान्यांतल्या पुरुष कामगारांची छाती बायकांसारखी वाढते, हेही १९४० च्या दशकात डॉक्टरांनी लिहून ठेवले. म्हणजे कागदावर सगळे होते, पण कागद वाचून थांबायचे कुणी, हा प्रश्न होता.

चांगला उपयोगही झाला, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पसरलेल्या पुरुषांना या औषधाने आराम पडतो. संप्रेरकाने कर्करोग आटोक्यात ठेवता येतो, हे जगाला त्यातून समजले. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. औषध वाईट नव्हते. ते कुणाला, केव्हा आणि किती द्यायचे यातच सगळे होते.

कोंबड्याच्या मानेतली गोळी

आता आपल्या विषयाकडे येऊ. कोंबडा खच्ची केला की त्याचे मांस मऊ होते, अंगावर चरबी धरते. पण कोंबड्याच्या पोटात चाकू घालून हे काम करणे किचकट, त्यात कोंबडे दगावतातही. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात १९४० च्या दशकात असे दिसले की स्टिलबेस्ट्रॉलची छोटी गोळी मानेच्या कातडीखाली सारली तर चाकूविना कोंबडा खच्ची झाल्यासारखा होतो. १९४७ मध्ये अमेरिकन सरकारने परवानगी दिली. गोळी मानेत, डोक्याच्या लगत बसवायची. म्हणजे कापताना डोक्याबरोबर उरलेली गोळीही जाईल, असा हिशेब होता.

पण डोकी गेली कुठे? फरसाठी मिंक नावाचा लहान प्राणी पाळणारे शेतकरी स्वस्त खाद्य म्हणून ती नेऊ लागले. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आले की माद्या गाभण राहीनात. कोंबडीवाल्याचा फायदा आणि मिंकवाल्याचे दिवाळे, असा तो मामला झाला. पुढे कोंबडीच्या यकृतात आणि कातडीखालच्या चरबीतही औषधाचा अंश सापडला. दरम्यान १९५८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला होता की ज्या पदार्थाने माणसाला वा प्राण्याला कर्करोग होतो, तो अन्नात मिसळायला परवानगी द्यायची नाही. १९५९ च्या डिसेंबरात कोंबड्यांसाठी या गोळीचा वापर थांबवण्यात आला. अडकून पडलेला माल सरकारला विकत घ्यावा लागला.

बैलाच्या खुराकात

कोंबडीची दारे बंद होत असताना गोठ्याची दारे मात्र सताड उघडी होती. आयोवा राज्यातल्या कृषी महाविद्यालयात वाइज बरोज नावाचे पशुआहारतज्ज्ञ होते. १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केले की बैलाच्या खुराकात रोज साधारण १० मिलिग्रॅम स्टिलबेस्ट्रॉल मिसळले तर वजन झपाट्याने वाढते आणि किलोमागे चाराही कमी लागतो. १० मिलिग्रॅम म्हणजे किती? एका ग्रॅमचा शंभरावा भाग. चिमटीतही धरता येणार नाही एवढे. त्याच वर्षी सरकारी परवानगी मिळाली, कंपनीचा माल दुकानात आला. थोड्याच दिवसांत कानाच्या कातडीखाली बसवायची गोळीही आली. दहा-पंधरा टक्के जादा वाढ आणि खर्च अगदी किरकोळ, मग कोण थांबतो? १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या कुरणवाड्यांतली बहुतांश जनावरे या औषधावर पोसली जात होती.

हे कसे घडते, तेही समजून घ्या. पुष्कळांचा असा समज असतो की कानातली गोळी म्हणजेच वाढीचे हार्मोन. तसे नाही. खरे वाढीचे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्यासारख्या ग्रंथीत तयार होते. ते प्रथिन आहे आणि प्रथिन तोंडाने दिले तर पचून जाते. गोळीत असते ते लैंगिक संप्रेरक. ते त्या ग्रंथीला डिवचते, ग्रंथी जनावराचे स्वतःचे वाढीचे हार्मोन जास्त सोडते, यकृतातून दुसरे वाढकारक द्रव्य सुटते आणि खाल्लेला चारा चरबीपेक्षा मांसाकडे जास्त वळतो. खच्ची केलेल्या जनावरात स्वतःचे लैंगिक संप्रेरक कमी असते, म्हणून फरक ठळक दिसतो. एक मात्र पक्के ध्यानात ठेवा. गोळी पोट भरत नाही. चाराच नसेल तर गोळी काय वाढवणार?

चाऱ्यातूनही असा परिणाम होऊ शकतो, हे शेतकऱ्यांना आधीच कळून चुकले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, याची नोंद १९४६ मध्ये झाली. त्या गवतातच इस्ट्रोजेनसारखे द्रव्य होते.

मुलींवर आलेले संकट

इकडे माणसांच्या दवाखान्यात काय चालले होते? गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत गरोदर बायकांना हेच औषध सर्रास दिले जात होते. याने गर्भपात टळत नाही, असे १९५३ मध्ये शिकागोतल्या मोठ्या चाचणीत दिसून आले होते. तरी डॉक्टर लिहून देत राहिले, कंपन्या विकत राहिल्या. लाखो आयांनी ते घेतले.

१९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांना कोड्यात टाकणारी गोष्ट दिसली. योनिमार्गाचा एक विशिष्ट कर्करोग, जो कोवळ्या वयात जवळजवळ होतच नाही, तो त्यांच्याकडे आठ तरुण मुलींत आढळला. चौकशी केली. आठांपैकी सात मुलींच्या आयांनी गरोदरपणी स्टिलबेस्ट्रॉल घेतले होते. विचार करा. औषध घेतले आईने, तेही बाळ वाचावे म्हणून. मुलगी त्या वेळी पोटात होती आणि रोग उघड झाला पंधरा-वीस वर्षांनी. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने गरोदर स्त्रियांना हे औषध देऊ नये असा इशारा दिला.

मांसात राहणारा अंश फारच बारीक होता. आईने औषध म्हणून घेतलेल्या मात्रेशी त्याची बरोबरी होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मांस खाऊन अमुक इतक्यांना रोग झाला, असे कुणी सिद्ध केलेले नाही. पण लोकांनी विचारलेला प्रश्न साधा होता. ज्या औषधाने पोटातल्या लेकरावर असा घाला घातला, ते आमच्या ताटात थोडेसुद्धा का असावे?

बंदी, कोर्ट आणि पळवाटा

नियम असा होता की जनावर कापण्याआधी ४८ तास औषधी खुराक बंद करायचा, म्हणजे मांसात अंश उरणार नाही. पण नियम पाळायचा कुणी? ट्रक दारात उभा असला की दोन दिवस थांबायला व्यापारी तयार नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९७२ च्या सुरुवातीला ही मुदत सात दिवसांची केली. तोवर तपासणीची तंत्रे सुधारली होती आणि पूर्वी न दिसणारा अंश यकृतात दिसू लागला होता. १९७२ मध्ये खुराकातल्या औषधावर बंदी जाहीर झाली, १९७३ च्या एप्रिलमध्ये कानातल्या गोळीवरही. कंपन्या कोर्टात गेल्या, १९७४ मध्ये बंदी उठली. पूर्ण बंदी यायला १९७९ साल उजाडले. आणि गंमत बघा, बंदीनंतरही १९८० मध्ये चोरून गोळी बसवलेली चार लाखांहून अधिक जनावरे तिथल्या तपासणीत सापडली.

युरोपातही हाच अनुभव आला. १९८० मध्ये इटलीत लहान बाळांसाठी डबाबंद केलेल्या वासराच्या मांसात स्टिलबेस्ट्रॉल सापडले. गिऱ्हाइकांनी वासराचे मांस घेणेच सोडले. ज्यांनी औषध कधी वापरले नव्हते, त्यांचाही माल पडून राहिला. नंतर युरोपीय देशांनी वाढीसाठी संप्रेरके वापरण्यावर सरसकट बंदी आणली आणि १९८९ पासून बाहेरून येणारे असे मांसही अडवले. अमेरिका आणि कॅनडा यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात गेला, कारण धोक्याची पुरेशी तपासणी करून बंदी घातलेली नाही असे ठरले. तरीही युरोपने बंदी सोडली नाही. आज अमेरिकेत कानात बसवतात त्या गोळ्या स्टिलबेस्ट्रॉलच्या नाहीत, दुसऱ्या संप्रेरकांच्या आहेत. योग्य वापर केला तर त्या सुरक्षित आहेत असे तिथले सरकार मानते, युरोप तसे मानत नाही. वाद अजून मिटलेला नाही.

अखेरची वर्षे

डॉड्स यांना मानसन्मान भरपूर मिळाले. १९४२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १९५४ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९६२ ते १९६६ या काळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या जुन्या आणि मानाच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. १९६४ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताबही मिळाला. बुटांच्या दुकानदाराच्या मुलाने एवढी मजल मारली.

बोस्टनची बातमी आली तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ होते. १६ डिसेंबर १९७३ रोजी ते वारले. त्याच वर्षी अमेरिकेत कानातल्या गोळीवर पहिली बंदी आली होती. गरिबाला परवडणारे औषध द्यावे म्हणून निघालेल्या माणसाच्या शोधाचा शेवट असा झाला. दोष शोधकाचा किती, कंपन्यांचा किती, डॉक्टरांचा किती, हप्त्याला दोन किलो वजन जादा भरते म्हणून डोळे मिटणाऱ्याचा किती, याची वाटणी ज्याने त्याने करावी.

आपल्या गोठ्यात काय?

आता आपल्या दारात या. आपल्याकडे कानातली गोळी नाही, पण पान्ह्याचे इंजेक्शन आहे. त्या बाटलीत असते ऑक्सिटोसिन. हेही संप्रेरकच. वासराने सडाला तोंड लावले की गाई-म्हशीच्या अंगात ते आपोआप सुटते आणि पान्हा येतो. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट दु व्हिनो यांनी ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवले, १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बाळंतपणात रक्त थांबेना तेव्हा बाईचा जीव याच औषधाने वाचतो. स्टिलबेस्ट्रॉलसारखेच बघा, मूळ औषध सोन्यासारखे.

पण वासरू मेलेल्या म्हशीला रोज दोन वेळा ते टोचायचे, हा काही उपचार झाला नाही. इंजेक्शनने दूध तयार होत नाही, कासेत असलेले दूध उतरते एवढेच. हळूहळू जनावराला सवय लागते, सुई टोचल्याशिवाय ते पान्हाच सोडत नाही. गाभण जनावराला तर हे औषध घातकच. वर एकच सुई दहा जनावरांना लावली की रोगही घरोघर पोचतात.

कायदाही माहीत असू द्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या १२ व्या कलमात फुंका घालणे किंवा दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असे काही टोचणे, हा गुन्हा आहे. एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते जनावर सरकारजमा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना हे औषध बनवण्याची बंदी केली होती. पण बायकांच्या बाळंतपणात ते कमी पडेल अशी भीती होती, प्रकरण कोर्टात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती बंदी रद्द केली. गोठ्यातल्या गैरवापराची झळ बाळंतिणीपर्यंत कशी पोचते, ते यावरून दिसले.

दूध वाढवण्यासाठी खरे वाढीचे हार्मोनही निघाले आहे. अमेरिकेने गाईंसाठी त्याला १९९३ मध्ये मंजुरी दिली. कॅनडाने १९९९ मध्ये नाकारली, कारण कासदाह, लंगडेपणा आणि गाभण न राहणे या तक्रारी वाढतात असे तिथल्या पशुवैद्यांना आढळले. उद्या कुणी अशी बाटली घेऊन तुमच्या दारात आला, तर हे ध्यानात असू द्या.

मग करायचे काय? फार नवे काही नाही. बाटलीवर नाव नाही, ती घेऊ नका. पशुवैद्याने लिहून दिल्याशिवाय संप्रेरकाचे इंजेक्शन टोचू नका. कासदाहासाठी प्रतिजैविक दिले असेल, तर किती दिवस दूध संस्थेत घालायचे नाही हे डॉक्टरांना विचारा आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहून ठेवा. ४८ तासांचा नियम मोडणाऱ्यांनी अमेरिकेतला सगळा धंदा अडचणीत आणला, हे विसरू नका. वासरू मेले तर कासेला कोमट पाण्याने शेक, हळुवार चोळणे, पुढ्यात खुराक आणि दोहणाऱ्याचा तोच हात, यावर आधी भर द्या. वेळ लागतो, पण पुष्कळ जनावरे ऐकतात.

सरपंच, ग्रामसेवक, दूध संस्थेचे सचिव आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या मंडळींनाही एक सांगणे. गावात ही बाटली कुणाच्या दुकानात मिळते, हे सगळ्यांना ठाऊक असते. एखाद्या गरीब म्हातारीच्या गोठ्यावर धाड घालण्यापेक्षा ग्रामसभेत हा विषय घ्या, दुकानदाराला समज द्या, डॉक्टरांना बोलावून दोन शब्द सांगायला लावा. तरी नाही ऐकले, तर कायदा आहेच.

डॉड्स यांनी एक गोष्ट मात्र आपल्याला घालून दिली आहे. अनॉलचा प्रयोग चुकला तेव्हा त्यांनी चूक झाकली नाही, गाळात हात घालून खरे काय ते शोधले. पुढच्या लोकांनी कोंबडीच्या मानेत, बैलाच्या कानात आणि आईच्या पोटात औषध घालताना एवढा प्रामाणिकपणा दाखवला असता, तर किती तरी मुली वाचल्या असत्या. आपल्या गोठ्यातले दूध कुणाच्या तरी लेकराच्या वाटीत जाते. ते आपल्याच नातवाच्या वाटीत ओतायला हात कचरत असेल, तर ते संस्थेच्या कॅनमध्येही ओतू नये. हिशेब इतका सोपा आहे.